तीन शॉवर एकदम चालत नाहीत, मोठा पंप घेऊ का मोठा सोलर?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तळेगावला रो हाऊस, खाली आई-बाबांची एक बाथरूम, वरच्या मजल्यावर दोन, घरात सहा माणसं. गच्चीवर सात फुटी स्टँडवर हजार लिटरची टाकी, शेजारी २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर. वर प्रेशर कमी म्हणून अर्धा एचपीचा प्रेशर पंप थंड लाइनला बसवून घेतला आणि तेव्हापासून थंड पाणी जोरात येतं, पण एकाने शॉवर लावला की दुसऱ्याचं गरम पाणी गार होतं आणि तिसऱ्याला नुसती करंगळीएवढी धार. एक प्लंबर म्हणतो एक एचपीचा पंप टाका, सोलरवाला म्हणतो ५०० लिटरचा घ्या. आणि अगदी शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की सोलरच्या उभ्या पाईपातून सकाळी गच्चीवर पाणी सांडतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का माहीत नाही.

संबंध आहे. तुमच्या घराचं अर्धं उत्तर त्याच ओळीत आहे.

मी बावीस वर्षं प्लंबिंगची कामं घेतोय, पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव या पट्ट्यात, आणि रो हाऊस आणि बंगल्यातली ही तक्रार मला दर थंडीत येते. लोक म्हणतात गरम पाणी पुरत नाही. जाऊन बघितलं की निम्म्याहून जास्त घरांत गरम पाणी टाकीत भरपूर असतं, ते शॉवरपर्यंत पोचत नसतं, कारण गरम आणि थंड यांचा दाब सारखा नसतो. तुमच्याकडे मला हेच वाटतंय. न बघता शंभर टक्के सांगू शकत नाही, पण खात्री करायची सोपी पद्धत खाली देतो.

आधी दाबाचं गणित, कारण ते कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. उंचावरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर दहा मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे ३३ फुटाला १ बार. तुमच्या वरच्या मजल्यावरचा शॉवर जमिनीपासून सात फुटावर, मजल्याची उंची दहा फूट धरली तर शॉवरपासून गच्चीपर्यंत तीन फूट, वर सात फुटांचं स्टँड, एकूण दहा फूट. म्हणजे टाकी तळाला आलेली असताना दाब फक्त ०.३ बार. खालच्या बाथरूमला आणखी दहा फूट मिळतात म्हणून तिथे ०.६ बार. टाकी भरलेली असेल तर दोन्हीकडे थोडा जास्त. आणि आजकाल जे मोठे ताटाएवढे रेन शॉवर लोक घेतात त्यांना नीट पडायला १ बारच्या आसपास तरी लागतो, दुकानात हे कोणी सांगत नाही.

आता तुमच्या घरी काय झालं बघा. थंड लाइनला पंप लागला, तिथला दाब दीड बारच्या आसपास गेला. गरम लाइन मात्र सोलरमधून नुसत्या उंचीवर येतेय, तिथे तोच ०.३ बार. हे दोन्ही पाईप मिक्सरच्या पोटात एकत्र येतात. दीड बारवाला थंड ०.३ बारवाल्या गरमाला पुढे येऊच देत नाही, उलट त्याला मागे ढकलतो. शॉवरच्या बारीक भोकांतून जेवढं पाणी बाहेर जाऊ शकत नाही तेवढं थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये शिरतं, तिथून शेजारच्या बाथरूमच्या गरम नळाला पोचतं आणि उरलेलं वर सोलरच्या टाकीपर्यंत चढतं. म्हणून एकाने शॉवर लावला की दुसऱ्याचं गार होतं. आणि सोलरच्या थंड इनलेटला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलट जाऊ न देणारा वॉल्व, असेल तर वर चढलेल्या पाण्याला जायला जागा एकच उरते, तो हवा ये-जा करायला उघडा ठेवलेला उभा व्हेंट पाईप. तुमच्या गच्चीवर सांडतंय ते हे पाणी असणार. ज्यांच्याकडे तो एनआरव्ही नसतो त्यांच्याकडे सांडत नाही, पण थंड टाकीतलं पाणी सकाळी कोमट लागतं, दुखणं तेच.

खात्री कशी करायची? बादली आणि मोबाईलचं घड्याळ. सकाळी पहिली आंघोळ व्हायच्या आधी पंपाचं बटण बंद करा, वरच्या एका बाथरूममध्ये शॉवर नाही तर खालचा नळ, फक्त गरम पूर्ण उघडा आणि १५ लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. गरम नीट, वाफाळतं आलं तर सोलर ठीक आहे, टाकीत पाणी आहे. मग पंप चालू करा, शेजारच्या बाथरूममध्ये मिक्सर मधोमध ठेवून शॉवर लावा, आणि पहिल्या बाथरूममधलं तेच गरम पाणी हातावर घेऊन बघा. अर्ध्या-एक मिनिटात गार व्हायला लागलं तर दुखणं पक्कं सापडलं. त्याच वेळी कोणालातरी गच्चीवर व्हेंटपाशी उभं करा.

हे करताना एक गोष्ट तपासून टाका, फुकटात होणारी आहे. शॉवर हेड काढा आणि मिक्सरच्या मागे जिथे गरम-थंड पाईप लागतात तिथली छोटी जाळी काढून बघा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर तिथे पांढरा थर चुन्यासारखा बसलेला असतो. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. मी एका घरी पंपाचं कोटेशन द्यायला गेलो होतो आणि नुसत्या जाळ्या साफ करून परत आलो, दोन बाथरूमचं काम तेवढ्यात झालं. तुमच्याकडे एवढ्याने भागणार नाही, पण घाण जाळीवर पंप लावून काही होत नाही.

आता एक एचपीचा पंप. कृपया नको. वर सांगितलेली लढाई आणखी एकतर्फी होईल, थंड अजून जोरात, गरम अजून मागे. आणि टाकी आणखी चार फूट उचला असंही कोणी सांगेल, त्याने ०.१२ बार वाढतो, धार अठरा-वीस टक्के सुधारते, पण हजार लिटर म्हणजे एक टन वजन ११ फुटावर जातं, स्लॅब-कॉलमवाल्याला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

खरा उपाय म्हणजे गरम आणि थंड दोन्हीला सारखा दाब द्यायचा. तुमच्या घरात याचा अर्थ दोन पंप. थंडचा आहे तोच राहू दे. गरमसाठी तेवढ्याच दाबाचा दुसरा पंप, पण सोलरच्या आउटलेटला, म्हणजे सोलरमधून पाणी बाहेर पडल्यावर. सोलरच्या आधी, इनलेटला, पंप कधीही लावायचा नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे, धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत. मला वाटलं एकच पंप टाकीच्या बुडाशी लावला की थंड आणि सोलर दोन्हीला एकसारखा दाब जाईल, हिशोब बरोबर वाटत होता. पण ट्यूबवाला साधा सोलर दाबासाठी बनवलेलाच नसतो, काचेच्या ट्यूबा नुसत्या रबरी रिंगांवर टाकीत बसवलेल्या असतात. पंप चालू केला आणि रात्रभरात सगळ्या रिंगा गळायला लागल्या, सकाळी गच्चीवर तळं. माझ्या खर्चाने टाकी बदलून दिली, आणि तेव्हापासून सोलरच्या अंगावरचं स्टिकर वाचल्याशिवाय पान्याला हात लावत नाही. प्रेशराइज्ड लिहिलेले सोलर वेगळे असतात, त्यांची गोष्ट वेगळी.

गरमच्या पंपाबद्दल चार गोष्टी मिस्त्रीला ठासून सांगा. पहिली म्हणजे तो गरम पाण्यासाठीच बनवलेला हवा. एप्रिल-मे मध्ये ट्यूबवाल्या सोलरमधलं पाणी ८० डिग्रीच्या घरात जातं, साध्या पंपाचं सील त्यात टिकत नाही. दुसरी, सोलरला भरणारी थंड लाइन एक इंची हवी, पाऊण इंचीवर जुना गंजका गेट वॉल्व असेल तर तो काढून टाका. पंप जेवढ्या वेगाने ओढेल तेवढ्या वेगाने मागून पाणी भरलं पाहिजे, नाहीतर पंप व्हेंटमधून हवा ओढतो, मग शॉवर भकभक करतो. आणि व्हेंट कोणी सांडतंय म्हणून बंद केला असेल तर सोलरची आतली टाकी चक्क आत चेपते, असे चेपलेले सोलर मी उतरवलेत. म्हणून तुमचा व्हेंट सांडतोय तरी त्याला बूच मारू नका, हे आधीच सांगून ठेवतो. तिसरी, दोन्ही पंपांना बायपास, म्हणजे पंपाला वळसा घालून जाणारा पाईप, ठेवून त्यात एनआरव्ही टाका, लाइट गेली तरी टाकीच्या उंचीवर पाणी येत राहील, धार बारीक येईल पण आंघोळ अर्धवट राहणार नाही.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. दोन्ही पंप एकाच एमसीबीवर, एकाच बटणावर घ्या. समजा थंडचा पंप बंद पडला आणि गरमचा चालू राहिला तर आत्ताच्या उलट होईल, गरम पाणी थंडाला मागे ढकलेल आणि शॉवरखालच्या माणसाच्या डोक्यावर एकदम ७० डिग्रीचं पाणी पडेल. तुमच्याकडे लहान मुलं आहेत आणि खाली वयस्कर माणसं आहेत. एक बटण असलं तरी एखादा पंप जळू शकतोच, म्हणून सोलरच्या आउटलेटवर टेम्परिंग वॉल्व पण बसवून घ्या, तो गरममध्ये आपोआप थंड मिसळून पुढे ठरावीक, म्हणजे ५०-५५ डिग्रीचंच पाणी सोडतो. लोक याच्या पैशाला कुरकुर करतात, पण मी लहान मुलं असलेल्या घरात याच्याशिवाय गरमचा पंप लावायला तयार होत नाही.

आता पाणी किती लागतं ते बघू, कारण दाब सुधारला की लगेच दुसरा प्रश्न येतो आणि तो कोणी आधी सांगत नाही. दाब वाढला की गरम पाणी जास्त वेगाने संपतं. शॉवरमधून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणजे ०.३ चा १.५ बार केला, पाचपट दाब, तर पाणी सव्वादोन पट येतं. आज मिनिटाला पाच लिटर पडत असेल तर उद्या अकरा पडेल. तोच सोलर, तीच माणसं, आणि आज सहा जणांना पुरणारं पाणी उद्या तिसऱ्या माणसालाच संपेल, मग तुम्ही म्हणाल पंपवाल्याने फसवलं.

हिशोब असा. आंघोळीला पाणी ४० डिग्रीच्या आसपास लागतं. थंडीत टाकीतलं पाणी १८ डिग्री धरा, सोलरचं ६०. मिश्रणात गरमचा वाटा निम्म्याहून किंचित जास्त येतो. मिनिटाला ८ लिटरचा शॉवर, आठ मिनिटं, म्हणजे ६४ लिटर, त्यातले साधारण ३४ लिटर सोलरचे. सहा माणसं म्हणजे २०४ लिटर. टाकी २०० ची. कागदावर जवळपास जमलं, पण प्रत्यक्षात वापरता वापरता खालून थंड पाणी आत येऊन मिसळत असतं म्हणून २०० मधले १६० च नीट गरम धरायचे, म्हणजे एक-दीड माणूस उघडा पडतो. आणि शॉवर अकरा-बारा लिटरचा असेल तर सरळ तीन माणसं.

आपल्या आजी-आजोबांच्या काळी तांब्याच्या बंबावर अख्खं घर निघायचं कारण प्रत्येकाच्या वाट्याला विसणासकट एक बादली यायची, १५-१८ लिटर. आपण शॉवरखाली उभं राहिल्यावर त्याच्या तिप्पट-चौपट वापरतो. मी बादलीने आंघोळ करा असं सांगत नाहीये, पण घरात पाहुणे असतील, दिवाळीची पहिली आंघोळ असेल तेव्हा दोन जणांनी बादली घेतली तरी फार फरक पडतो.

म्हणून ५०० लिटरच्या सोलरआधी तिन्ही बाथरूमला मिनिटाला ७-८ लिटरवाले शॉवर हेड लावा. चांगल्या दाबाला हे छोटे शॉवर अंगाला मस्त लागतात, रेन शॉवरपेक्षा धार टोचून येते. एवढं करून तुमची तूट एक-दीड माणसाची राहते, तेवढ्यासाठी दुप्पट-अडीचपट सोलर घेणं मला पटत नाही. शिवाय पावसाळ्यात ५०० लिटरचा सोलर पण ढगाखालीच असणार.

पावसाळ्याचं बोलायचं तर सोलरमध्ये २ किलोवॅटची कॉइल असेल ना, तिच्यावर भरवसा ठेवताना हा आकडा लक्षात ठेवा: २०० लिटर पाणी २० वरून ५५ डिग्रीला न्यायला आठ युनिट लागतात, म्हणजे २ किलोवॅटची कॉइल चार तास चालवावी लागते. सकाळी सहाला उठून बटण दाबलं तर साडेसहाला पाणी चार-पाच डिग्री वाढलेलं असतं. टायमर लावून रात्री अडीचला चालू करा.

पण मला विचाराल तर तुमच्या घराला कॉइलपेक्षा चांगला उपाय आहे. खालच्या बाथरूममध्ये १५ लिटरचा गिझर लावा आणि त्याच्या इनलेटला थंड लाइन नाही, सोलरची गरम लाइन जोडा. यात दोन कामं होतात. एक म्हणजे आई-बाबांना गरम पाणी यायला वेळ लागतो असं तुम्ही लिहिलंय, ते साहजिक आहे, गच्चीपासून खालपर्यंत वीस मीटर एक इंची पाईप धरला तर त्यात आठ लिटर पाणी रात्रभर गार होऊन पडलेलं असतं. ते आठ लिटर आता वाया जाणार नाही, गिझरमध्ये जाऊन तिथल्या गरम पाण्यात मिसळेल. दुसरं, सोलर संपत आला, पाणी ३५ डिग्रीचं येतंय, तर गिझरला फक्त उरलेले काही डिग्री चढवायचे आहेत, त्यामुळे तूट तिथेच भरून निघते. वर पण पुढेमागे असेच गिझर लावता येतील, तिन्हीकडे २ किलोवॅटचे झाले तर एकदम चालवल्यावर ६ किलोवॅट, म्हणजे २६ अँपिअर. त्याआधी महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे ते बघा, प्रत्येक गिझरला वेगळी लाइन आणि अर्थिंग तपासा, आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायच्या वेळी वीज तोडणारा स्विच, नसेल तर तो आधी. गिझरच्या इनलेटचा सेफ्टी वॉल्व कोणी गळतो म्हणून काढून बूच मारत असेल तर त्याला हात लावू देऊ नका. पाणी गरम झालं की फुगतं, त्याला बाहेर पडायला ती एकच वाट असते.

एका जणाने तुम्हाला इथेच गॅस गिझर सुचवलाय. पाणी तो भरपूर देतो, मिनिटाला ६ लिटरवाला सलग देत राहतो हे खरं. पण बंद बाथरूमच्या आत नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळायच्या आत भोवळ येते आणि दाराला आतून कडी असते. दरवर्षी थंडीत अशा बातम्या आपण वाचतो. लावायचाच असेल तर उघड्या ड्राय बाल्कनीत, बाथरूमच्या बाहेर.

ज्यांचं घर अजून बांधायचं आहे त्यांनी मात्र हा दोन पंपांचा खेळ करूच नये. एकच प्रेशर पंप, त्याच्यापुढे दाब सहन करणारी गरम पाण्याची टाकी, मग ती प्रेशराइज्ड सोलर असो, मोठा स्टोरेज गिझर असो की हीट पंप. थंड आणि गरम दोन्ही एकाच पंपातून निघाल्यामुळे दाब आपोआप सारखा राहतो. हीट पंप महाग पडतो पण एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांएवढी उष्णता देतो आणि ढगाळ दिवसांत पण चालतो. आणि गरम लाइनला नायट्राइल रबराचं वेष्टन भिंत बुजवायच्या आधी घाला, नंतर कोणी भिंत फोडत नाही.

तर तुमच्यासाठी क्रम असा: या रविवारी जाळ्या साफ करा, बादलीची चाचणी करा. पंप मिळेपर्यंत तात्पुरतं म्हणून आंघोळीच्या वेळात थंडचा पंप बंद ठेवा, धार कमी पण गरम तरी मिळेल. प्रत्येक मिक्सरच्या गरम बाजूला छोटा एनआरव्ही टाकला तर एकमेकांचं पाणी गार होणं थांबेल, दाब मात्र त्याने सारखा होत नाही. मग गरमचा पंप आणि टेम्परिंग वॉल्व, त्याच फेरीत शॉवर हेड बदला, आणि एक महिना वापरून बघून मग खालचा गिझर. सोलर बदलायचा विचार त्यानंतर, आणि मला वाटतं तोवर गरज राहणार नाही.

चाचणीचे आकडे इथेच टाका, वर आणि खाली दोन्हीकडचे, पंप बंद आणि पंप चालू. सोलरच्या इनलेटचा आणि व्हेंटचा फोटो टाकलात तर एनआरव्ही कुठे आहे ते पण सांगतो. आणि थंड पंपाच्या लाइनवर संडासचे फ्लश टँक, वॉशिंग मशीन पण आहेत का ते लिहा, कारण रात्री कोणी नळ उघडला नसताना पंप अधूनमधून चालू होत असेल तर कुठलातरी फ्लश टँक गळतोय, आणि तसं असेल तर दुसरा पंप घ्यायच्या आधी ते काढावं लागेल.